मागे बसणाऱ्याला सांगायचं राहिलं

आमच्या आळीत कोणी नवी मोटारसायकल घेतली की पेढे घेऊन माझ्याकडे येतो आणि उपदेश ऐकल्याशिवाय सुटत नाही. म्हाताऱ्याला चघळायला काहीतरी हवं, असं पाठीमागे म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणोत. ब्रेक, गिअर, टायरमधली हवा हे मी चार वाक्यांत उरकतो. मग विचारतो, मागे कोण बसणार? बायको, असं तो लाजत सांगतो. मग तिला घेऊन ये, म्हणतो. इथे सगळे हसतात. मला हसू येत नाही.

विलीनीकरण झालं, जव्हार संस्थान ठाणे जिल्ह्यात गेलं, तेव्हा मी देवी टोचण्याच्या कामावर होतो. लोक मला देवीडॉक्टर म्हणत. डॉक्टरकी म्हणजे लशीच्या कुप्या आणि टोचायची सुई, बस. संस्थानच्या सामानाच्या याद्या झाल्या, त्यात मोटारखान्याच्या कोपऱ्यातली एक जुनी मोटारसायकल निघाली. ती कुणाला द्यायची यावर बरेच कागद फिरले आणि शेवटी ती माझ्या गळ्यात पडली. मला सायकल येते, एवढंच माझं भांडवल.

शिकवायला मोटारखान्यातला जुना ड्रायव्हर आला. त्याचं काम विलीनीकरणात गेलं होतं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आपलं यंत्र कुणा अडाण्याच्या हाती जातंय, हे बघवेना म्हणून आला. जिभेचा तिखट माणूस. पहिले आठ दिवस त्याने मला गाडी चालूच करू दिली नाही. नुसती ढकलत गावाच्या टोकापर्यंत न्यायची आणि परत आणायची. मग आडवी पाडायची, उचलायची. माझे खांदे भरून आले, आणि बाजारातल्या लोकांना फुकटचा तमाशा झाला. तो म्हणायचा, हिचं वजन कुठे कलतं हे अंगाला कळल्याशिवाय हिच्यावर बसायचं नाही.

पुढे त्याने जे शिकवलं ते सगळं आजही अंगात आहे. मागचा ब्रेक आधी, पुढचा नंतर, आणि तोही अंडं धरावं तितक्या हलक्या हाताने. वळणावर सागाची ओली पानं पडली असतील तर वळणाआधीच हळू व्हायचं, पानांवर ब्रेक लावायचा नाही. ओहोळ आला तर आधी गाडी उभी करून पाण्यातून चालत जायचं, तळ पायांनी बघायचा. आणि घाट उतरताना खालचा गिअर. पेट्रोल वाचवायला एकदा मी उतारावर गिअर काढला, तर त्याने खाली उतरल्यावर माझ्या पाठीत रट्टा घातला. इंजिनाने गाडी धरून ठेवली पाहिजे, नुसत्या ब्रेकवर विसंबलास तर कुठल्यातरी दरीत सापडशील, म्हणाला.

शेवटच्या दिवशी त्याने मला मागे कॅरिअरवर बसवलं आणि एक शब्द न बोलता घाट उतरला. प्रत्येक वळणावर मी घाबरून उलट्या बाजूला झुकलो. दोनदा गाडी कडेला गेली. खाली थांबून त्याने विचारलं, काय कळलं? मी म्हटलं, मागे बसायला भीती वाटते. तो वैतागला.

"मागे बसलेला पण गाडी चालवतो. त्याला आधी सांगायचं, कसं बसायचं, काय करायचं. नाही सांगितलंस तर त्याला जे येतं ते तो करील."

मी मान हलवली. माझ्यामागे बसणार कोण होतं? लशीची पेटी. तिला काय सांगायचं?

दोन वर्षं मी मोखाडा, खोडाळा, सगळीकडे हिंडलो. एकदाही पडलो नाही आणि त्याची मला घमेंड होती, हे कबूल करतो.

पावसाळा संपून भात कापणीला आला होता. मोखाड्याच्या दवाखान्यात मी काहीतरी आणायला गेलो, तर पायरीवर एक माणूस बसला होता. पोशेऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. बायको बाळंत होऊन आठ दिवस झाले होते आणि तीन दिवस ती तापाने फणफणत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि पहिला डोस आज, जितक्या लवकर जाईल तितका बरा, म्हणून बजावलं होतं. उद्यावर गेलं तर ती हाती लागेल याची खात्री नाही, हेही त्याच्यासमोरच सांगितलं होतं. तो पहाटेपासून चालत आला होता आणि आता तसाच परत निघाला होता. मी म्हटलं, माझ्याबरोबर चल.

तो गाडीभोवती एकदा फिरला. चाळिशीचा, सुकलेला, पण दंड आणि पिंढऱ्या दगडासारख्या. जंगलात कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला झाडांचा पट्टा, तोडायच्या हंगामात तो लाकडाच्या बैलगाड्यांवर कामाला जायचा, असं त्याने सांगितलं. काम काय, तर घाटात गाडीच्या मागे राहायचं. उतार लागला की गाडीवरची माणसं खाली उतरतात आणि मागून गाडी ओढून धरतात, नाहीतर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि बैल मरतात. त्याने धरलेली गाडी कधी सुटली नाही, असंही त्याने सांगितलं. मी हो हो म्हटलं, किक मारली आणि त्याला एवढंच सांगितलं की घट्ट धर.

गोळ्यांची पुडी त्याने कमरेला खोचली. सपाटीवर तो छान बसला. थोड्या वेळाने हसलाही.

मग उतार आला. मला शिकवलं होतं त्याप्रमाणे मी खालचा गिअर घातला, इंजिन मोठ्याने गुरगुरलं, गाडी अडल्यासारखी झाली. त्याला काय वाटलं असेल ते मला नंतर कळलं. जनावर मानेवर भार घेऊन कण्हतंय आणि आपण वर बसून आहोत, असं वाटलं असेल. गाडी मागून एकदम हलकी झाली. लगेच मागे जोराचा हिसका बसला. तो चालत्या गाडीवरून खाली उतरला होता आणि दोन्ही हातांनी कॅरिअर धरून, टाचा रोवून, गाडी मागे ओढत होता.

गाडी वाकडी झाली. मी ब्रेक दाबला नाही, हँडल सैल धरलं, सगळं त्या ड्रायव्हरने शिकवलं तसंच केलं आणि गाडी सावरली. सावरली याचा मला आनंद झाला. एक क्षणच, पण झाला. तो मी लपवणार नाही. मग मागे पाहिलं. तो बराच फरफटला होता आणि वळणावरच्या दगडावर त्याचं डोकं आपटलं होतं.

कानातून रक्त येत होतं. शुद्ध होती. मी जवळ गेलो तर त्याने विचारलं, "गाडी थांबली ना?"

मी म्हटलं, थांबली.

त्याने कमरेची पुडी चाचपून काढली आणि माझ्या हातात दिली. "तिला दे. पयले तिला दे, मंग माझं बघ."

डोक्यावर मोळ्या घेऊन दोन बायका येत होत्या. त्यांना मी त्याच्यापाशी बसवलं आणि निघालो. त्याला तिथे सोडून जाणं बरोबर होतं का, याचा विचार मी आयुष्यभर केला आहे आणि उत्तर सापडलेलं नाही. पाडा जवळच होता. झोपडीत ती बाई अंधारात पडली होती, पोर बाजूला. मी तिला उठवून बसवलं, गोळ्या पाण्याबरोबर दिल्या. तिने विचारलं, तो कुठे? मी म्हटलं, मागून येतोय.

चार माणसं आणि झोळीसाठी घोंगडी घेऊन आम्ही धावत परत गेलो. त्या बायकांनी त्याच्या तोंडावर फडकं टाकलेलं होतं.

बाई जगली. महिन्याभराने चौकशी झाली. माझी नोकरी नव्या सरकारात अजून पक्की झाली नव्हती आणि मी घाबरलो होतो. जबानीत मी लिहून दिलं: मागे बसलेला इसम चालत्या गाडीवरून आपल्या चुकीने खाली उतरला. शब्द खोटा एकही नव्हता. अंमलदाराने ते तिला वाचून दाखवलं. पोराला मांडीवर घेऊन ती जमिनीवर बसली होती. तिने शांतपणे ऐकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"चूक कशी? उतार व्हता ना. उतारावर त्यो कदी बसून नाय ऱ्हायला."

अंमलदाराने ते लिहून घेतलं नाही. तिचा अंगठा घेतला. खाली मी सही केली.

जव्हारला येऊन मी त्या ड्रायव्हरला सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, त्याला सांगितलं होतंस? मी नाही म्हटलं. तो उठून आत गेला. त्यानंतर रस्त्यात भेटला तरी तो माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचा राग कधी आला नाही.

मोटारसायकल मी पुढेही बरीच वर्षं चालवली, पोटासाठी. मागे कुणाला बसवलं नाही. तो कागद ठाण्यात कुठल्यातरी दप्तरात कुजला असेल. त्यातलं माझं वाक्य निदान इथे तरी दुरुस्त करून ठेवतो: मागे बसलेल्या इसमाला काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला जे येत होतं ते त्याने केलं, आणि चांगलं केलं.