तीनवर की तीननंतर

गल्लीतले लोक त्यांना दातवाले म्हणत. डॉक्टर नव्हेत हो. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि हे मागच्या खोलीत बसून त्या मापाची कवळी करायचे. प्लास्टर ओतायचं, गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, घासायचं, परत घासायचं. फळीवर जबड्यांची ही रांग. घरात इतकी तोंडं, पण एक बोलेल तर शपथ!

लग्न राहून गेलं होतं. का, ते विचारू नका. राहून जातं ते असंच. धाकटा भाऊ परगावी गेला, तेव्हा आपला व्हिडिओ गेमचा डबा मागे ठेवून गेला. "असू दे दादा, वेळ जाईल." वेळ गेला, चांगलाच गेला. किल्ल्यातून निसटायच्या एका खेळात दातवाल्यांनी हळूहळू सगळ्या ट्रॉफ्या पदरात पाडून घेतल्या. उरली एकच, आणि ती एकट्याला मिळण्यातली नव्हती. शेवटच्या दाराला दोन खटके, समोरासमोरच्या भिंतींवर. दोघांनी एकाच क्षणी ओढले तर दार उघडणार, नाहीतर पायाखालची फरशी सरकून दोघंही खाली.

मग खेळणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर त्यांनी लिहिलं, "जोडीदार हवा." एवढंच! भावाने ते वाचलं आणि फोनवर हसून हसून बेजार झाला.

"दादा, उशिरा का होईना, जाहिरात दिलीस म्हणायची!"

"अरे गाढवा, दारासाठी!" दातवाले ओरडले खरे, पण कानशिलं तापली ती तापलीच.

उत्तर आलं एका बेकरीवालीचं. भल्या पहाटे कामावर जायची, संध्याकाळी मोकळी असायची. हेडफोन लावून दोघं बोलत बोलत खेळू लागले. घटस्फोटानंतर तिची लेक बापाकडे राहत होती आणि आईशी फोनवर हं-हूंपलीकडे काही बोलत नव्हती. हा खेळ त्या लेकीचा जीव की प्राण. या ट्रॉफीचा विषय निघाला तेव्हा ती फटकन म्हणाली होती, "आई, तुला जन्मात जमायचं नाही." "म्हणून जमवायचंय, काका," बेकरीवालीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

त्या दिवशी घोळ झाला तो मात्र खराच घोळ होता. ती म्हणाली, "एक, दोन, तीन," आणि दोघं धाडकन खाली. तिने तीन म्हणतानाच खटका ओढला होता, यांनी तीन म्हणून झाल्यावर.

"अहो काका, तीनवर! तीननंतर नाही काही!" असं म्हणून ती जी खळखळून हसली! दातवाल्यांच्या घरात असं कुणी हसल्याला जमाना झाला होता.

दुसऱ्या खेपेला त्यांना कळलं होतं. केसाएवढी फट राहिली तरी कवळी टोचते. ती फट बोटाने ओळखणाऱ्या माणसाला तीन कधी ते कळणार नाही होय? पण दार उघडलं की बाई आभार मानून चालती होणार, हेही तेवढंच लख्ख कळलं. त्यांनी खटका उशिरा ओढला. मुद्दाम.

मग रोज संध्याकाळी तेच. पडायचं, आणि पुन्हा दारापर्यंत पोहोचेस्तोवर गप्पा. आज पाव का फुगला नाही, मालक कसा खेकसला, लेकीने मेसेज बघूनही उत्तर कसं दिलं नाही. दातवाले दुपारपासूनच घड्याळाकडे बघायला लागले. रोज दाढी करू लागले. आता ती कोण बघणार होतं, पण करायचे. आपण या बाईला फसवतोय, असं मधूनच वाटायचं. वाटायचं, आणि संध्याकाळ झाली की पुन्हा खटका चुकायचा.

एके दिवशी दोघं दाराशी पोहोचले, तोच पडद्यावर कंपनीची सूचना झळकली. खेळ जुना झाला. उद्यापासून दोघांनी मिळून खेळायची सोय बंद.

बेकरीवालीचा आवाजच बसला. "राहिलंच की हो, काका. ती म्हणालीच होती."

मेल्या, स्वतःच्या चार गप्पांसाठी मायलेकींच्या मध्ये पाय पसरून बसलास की रे! असं दातवाले स्वतःलाच म्हणाले, आणि खाकरून घसा साफ केला.

"तुम्ही मोजा."

"एक, दोन, तीन."

दोन्ही खटके एकदम खाली आले. दार उघडलं, ट्रॉफी मिळाल्याची धून वाजली. बेकरीवालीने किंकाळी फोडली, मग रडायलाच लागली आणि तशीच तिने लेकीला फोन लावला, स्पीकरवर. घाईत खेळाचा माइक बंद करायचा राहून गेला.

दातवाल्यांना सगळं ऐकू येत होतं. "काय सांगतेस आई? खरंच?" मग दोघींचं हसणं. लेक भडाभडा बोलत होती. दातवाल्यांना फार बरं वाटलं, अगदी आपल्या घरातलंच कुणीतरी बोलतंय असं. तेवढ्यात लेकीने विचारलं, "पण इतके दिवस का लागले ग?"

"अगं, जोडीला एक काका होते ना. स्वभावाने चांगले आहेत बिचारे, पण फार मंद. तीन म्हणजे कधी, हेच डोक्यात शिरायचं नाही त्यांच्या."

फाडकन कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं त्यांना. अहो बाई, दुसऱ्याच खेपेला कळलं होतं, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण ते सांगायचं, तर मग पडत का राहिलो, तेही सांगावं लागलं असतं. इतकं एकटं त्यांना त्या घरात कधी वाटलं नव्हतं.

फोन संपला. बेकरीवालीचं लक्ष पडद्याकडे गेलं, तर त्यांचा खेळाडू अजून उघड्या दारात उभा.

"अगंबाई, काका! तुम्ही अजून इथेच?"

"छे छे," दातवाले म्हणाले, "निघालोच होतो."