आमच्या काकवीचं ई-मेलवरचं पहिलं गिऱ्हाईक

मंडळी, हात अजून गार आहेत, तरी लिहितेच.

पलूसला भावाचं गुऱ्हाळ आहे. तिथली काकवी मी वाईतून विकते, त्यासाठी दर आठवड्याला ई-मेल लिहिते. लोक आवडीनं वाचतात, घेत मात्र कुणी नाही. वाईतलेच मानेकाका तर प्रत्येक मेलला उत्तर द्यायचे, "वास आला गं पोरी!" पण ऑर्डर? कधीच नाही.

आज सकाळी त्यांची ऑर्डर आली, पैशांसकट. पत्ता होता कृष्णेचा घाट. एकदाचं कुणीतरी विकत घेतलं म्हणून मी स्वतःच बाटली घेऊन धावले.

घाटावर पिंडापाशी माणसं ताटकळली होती. झाडावरचे कावळे खाली उतरत नव्हते. मानेकाका कुठं भेटतील, असं मी विचारलं. मुंडण केलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "आवं ताई, त्यांचाच दहावा हाय आज."

मी बाटली आणि ऑर्डर दाखवली. ती वाचून तो म्हणाला, "शुगरमुळं काकवी बंद केलती आमी त्यांची. नुसतं तुमचं वाचायचे. पण ते गेल्यापास्नं त्यांचा फोन बंद हाय."

त्यानं पिंडावर काकवी ओतली. कावळा लगेच उतरला.

पाठवलेली मेल कुणी उघडली, ते मला इकडे दिसतं.

उद्याची मेल काकांना पाठवू का?