शेपटीला निळी दोरी

माझा धाकटा भाऊ मुनेहारू खोटं बोलू शकतो हे मला साठी उलटल्यावर कळलं, तेही एका शार्कच्या शेपटीवरून. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही. त्यामुळे सांगताना आवाज चढला तर चालवून घ्या.

आमचं बंदर जपानात, इझूच्या पश्चिम किनाऱ्यावर. वडील शेवंडांसाठी जाळी टाकायचे. मुनेहारूला होडीत बसवलं की बंदराबाहेर पडायच्या आत तो ओकायला लागायचा. वडील कपाळावर हात मारून घ्यायचे. शेवटी हा पठ्ठ्या होडीवर नाही, होडीखाली गेला. पाण्याखाली म्हणे मळमळत नाही! पाठीवर हवेची टाकी बांधून शहरातल्या लोकांना समुद्रतळाशी फिरवायचं दुकान त्यानं काढलं. टाक्या भरणं, पिंपात पाणी तापवणं आणि कुडकुडत वर आलेल्यांना मुळा घातलेला डुकराच्या मटणाचा रस्सा वाढणं, ही माझी खाती.

उन्हाळ्यात कुणीही येतं. हिवाळ्यात येतात ते खरे येडे. वारा कान कापत असतो, पाण्यात बोटं बधिर होतात, आणि हे लोक एवढाले कॅमेरे घेऊन मांजरमुशी शोधायला उतरतात. मांजरमुशी म्हणजे गरीब स्वभावाची छोटी शार्क. डोळ्यांवर मांजराच्या कानांसारखे उंचवटे, शंख फोडून खाते, दिवसभर कपारीत पडून असते. चावत नाही, पळत नाही, फक्त सापडत नाही.

आमच्या दुकानाची पत एकाच गोष्टीवर होती, मुनेहारूच्या शब्दावर. पाण्याखाली किती लांबचं दिसतंय ते तो रोज सकाळी दारावरच्या फळ्यावर लिहितो. शेजारचा दुकानदार गढूळ पाण्यालाही ‘बरं’ लिहितो. आमचा शहाणा लिहायचा, ‘वाईट. चहा पिऊन घरी जा.’

“अरे, गिऱ्हाईक पळवून लावतोस का?” मी ओरडायचे.

“ताई, खाली गेल्यावर त्यांना दिसणारच आहे ना?”

लहानपणीही तसाच. पोरं मिळून कुणाच्या तरी मळ्यातली संत्री चोरायची, आणि हा पकडलं जायच्या आधीच मालकाकडे जाऊन सांगून यायचा. पोरं त्याला बदडायची ती वेगळीच.

कुसुमोतोबाई आमच्याकडे वर्षानुवर्षं यायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, बोलक्या. सगळ्यांना कधी ना कधी मांजरमुशी दिसली, यांच्या वाट्याला नेहमी रिकामी कपार. “माझी चाहूल लागली की ती घर बदलते हो!” असं म्हणत रस्सा ओरपायच्या आणि पुढच्या हिवाळ्यात परत हजर. नंतर पाण्याचं काय बिनसलं कोण जाणे, मुशी कुणालाच दिसेना. येणारे आटले. मुनेहारू फळ्यावर खालमानेनं ‘काही नाही’ लिहायचा.

आणि या हिवाळ्यात अचानक मुशी परतल्या! दर रविवारी कुणाला ना कुणाला दिसायचीच. मी तर आनंदानं टेकडीवरच्या देवळात नैवेद्याला तांदळाची मोची ठेवून आले. भावाचे दिवस फिरले म्हटलं.

माघाची थंडी पडली आणि कुसुमोतोबाई आल्या. या वेळी फार बोलल्या नाहीत. “डॉक्टर म्हणतात, हृदयाला थंड पाणी आता पुरे,” एवढंच. “ही शेवटची बुडी. या वेळी नाही तर नाहीच.”

मुनेहारू त्यांना घेऊन उतरला. मी धक्क्यावर टॉवेल घेऊन उभी. वर आल्या त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळेना. तोंडातली नळी निघताच ओरडल्या, “सापडली हो! कपारीत बसली होती! माझ्याकडे बघत होती!” ओठ निळे पडलेले, पण चेहरा काय सांगू! मीही रडले. रस्सा वाढताना वाडग्यात टिपं पडली असतील तर देव जाणे.

मग नेहमीसारखं स्टोव्हभोवती बसून फोटो बघणं सुरू झालं. बाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. डोळा. डोळ्यावरचा उंचवटा. अंगावरचे पट्टे. मग शेपूट. तिथे त्यांचं बोट थांबलं.

“ही काय आहे?”

मी वाकून बघितलं. शेपटीच्या मुळाशी निळी नायलॉनची दोरी, घट्ट आवळलेली. टोक बोटभर लोंबतंय. ती गाठ मी डोळे मिटून ओळखते. आमच्या बंदरातल्या कोळी गेंजोची आहे. शेवंडांच्या जाळ्यात मुशी आली की तो तिच्या शेपटीला दोरी लावून धक्क्याला बांधून ठेवतो, कुणीतरी खायला नेईपर्यंत पाण्यात जिवंत राहते.

“बघा! गेंजोच्या हातून निसटलेली दिसते,” मी हसून म्हटलं. “धांदरट मेला.”

कुणी हसलं नाही. मी मुनेहारूकडे बघितलं. तो वाडग्यातल्या मुळ्याच्या फोडीकडे टक लावून बसला होता.

“मुनेहारू?”

“सकाळी मीच धक्क्यावरून नेऊन कपारीत सोडली,” तो म्हणाला. “दोरी पाण्यातच कापली. हातमोजे जाड, गाठ राहिली असेल.”

मी वाजणारी किटली स्टोव्हवरून उतरवली. मग माझ्या डोक्यात दुसरा विचार आला. “आणि मागच्या रविवारी? त्याच्या आधीच्या?”

“त्याही.”

“सगळ्या?”

“या हिवाळ्यातल्या सगळ्या. खाऊनच टाकल्या असत्या त्यांनी, ताई. मी निदान जिवंत...”

“गप्प बस!” मी ओरडले. “लोकांना मी इथे बसून रस्सा पाजला! देवाला मोची ठेवली! आणि तू म्हणे, खाली गेल्यावर त्यांना दिसणारच आहे!”

कुसुमोतोबाई अजून पडद्याकडेच बघत होत्या. मला वाटलं, आता या बाईचं हृदय इथेच थांबणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, अगदी हळू आवाजात, “मुनेहारू-सान, दोरी आवळतेय तिला. वाढेल तशी मांसात रुतेल. शेपूट तुटेल तिची.”

तो उठलाच. ओला सूट परत अंगावर चढवला, कात्री घेतली आणि पाण्यात गेला. बऱ्याच वेळानं रिकाम्या हातानं आला. कपार मोकळी होती. बाईंनी आमच्यापुढे वाकून नमस्कार केला आणि शेवटच्या बसनं निघून गेल्या. फोटोबद्दल चकार शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुनेहारूनं फळा पुसला, ‘दुकान बंद’ लिहिलं आणि एकटा उतरला. मग रोजच उतरायला लागला. आधी मुशी कुठे आहे हे त्याला माहीत असायचं, कारण त्यानंच ठेवलेली असायची. आता खरंच शोधायची होती. बंदरात बातमी पसरली होती. शेजारचा दुकानदार मुद्दाम हाक मारायचा, “काय मुनेहारू-सान, आज कुठली मुशी नेताय?” हा मान खाली घालून जायचा. मी त्याच्याशी बोलत नव्हते. पण पिंपातलं पाणी रोज तापवायचे, काय करणार?

परवा दुपारी तो वर आला तो धावतच. दातांवर दात आपटत होते. हातमोज्यात दोरीचा निळा तुकडा.

“सापडली, ताई! खडकाच्या पलीकडच्या वाळूत. कापली दोरी. जखम वरवरची आहे. आणि ऐक, तिच्या शेजारी दुसरी होती. मोठी, पोट फुगलेलं, अंड्यांवर आलेली असणार. कुठेही दोरी नाही. आपली आपण आलेली, ताई!”

“फोटो?”

“दोन्ही हात कात्री आणि शेपटीत. कॅमेरा नेलाच नव्हता.” त्यानं तुकडा माझ्या हातात ठेवला. “कुसुमोतोबाईंना तू कळव. माझं खरं नाही वाटणार त्यांना. तुझं वाटेल.”

मी हो म्हणून मान हलवली. आणि हलवता हलवताच तो तुकडा उजेडात धरून उलटासुलटा करून बघायला लागले. गाठ गेंजोचीच आहे का, टोक आज कापलंय की जुनंच आहे. तसल्या दोरीचं अख्खं रीळ गेंजोच्या शेडमध्ये लटकतं, कुणीही कापून घ्यावं.

मान वर केली तर मुनेहारू माझ्याकडे बघत होता.

“बघ,” तो म्हणाला. “नीट बघून घे.” आणि मोजे न काढताच त्यानं दोन्ही हात गरम पाण्यात घातले.

तुकडा माझ्या एप्रनच्या खिशात आहे. मी अजून फोन केलेला नाही.