पुदिन्याचा वास येणारी नाणी

जुन्या नाण्यांच्या त्या दुकानात तिला सगळे ‘नाकवाली’ म्हणतात. मागच्या खोलीत तिचं टेबल. कोणी नाणं आणलं की ती आधी पाकिटाचा वास घेते, मग भिंग उचलते. मऊ प्लास्टिकची पाकिटं जुनी झाली की त्यांना नव्या रेनकोटसारखा वास सुटतो, आणि असा वास आला की आतलं नाणं बहुतेक चिकट, हिरवं झालेलं असतं.

वडील गेल्यावर धाकटा भाऊ वाटणीसाठी त्यांचा डबा घेऊन दुकानात आला. झाकण उघडलं आणि पुदिन्याचा भपकारा आला.

“ताई, बघ कशी लखलखतायत! आम्ही नवरा-बायकोनं अख्खा रविवार घासली.”

“कशानं?”

“टूथपेस्टनं.”

“दात घासायला कधी एवढा वेळ दिला नाहीस!”

तिनं एक नाणं भिंगाखाली धरलं. अक्षरांच्या खाचांत पेस्ट वाळून किटणासारखी बसली होती. या चांदीच्या नाण्यांवरच्या राणीची वेणी लहानपणी वडील तिला भिंगातून दाखवत, पेड न् पेड मोजायला लावत. आता प्रत्येक नाण्यावर वेणीच्या जागी गुळगुळीत गोळा होता. एक तरी नाणं वडिलांनी ठेवलं तसं उरलंय का, एवढंच तिला बघायचं होतं.

“काळं होतं सगळं,” भाऊ म्हणाला.

“काळं होतं ते राहू द्यायचं! हवेनं चांदीवर पातळ थर येतो, तो नाणं खात नाही. तुम्ही वरची चांदीच खरवडलीत.”

तळाशी एक प्लास्टिकचं पाकीट होतं, आत एकच नाणं.

“ते फार घाण होतं, हात लावावासा वाटेना. शेंबडासारखं.”

खरंच तसं होतं. घासायचं नव्हतं ते घासलं आणि धुवायला हवं होतं तेच ठेवून दिलं. तिनं तोंड वाकडं करत हातमोजे घातले, खिडकी उघडली, काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन ओतलं.

“नेलपॉलिश काढायचं चालेल ना? हिच्याकडे आहे.”

“त्यात तेल असतं, सुगंध असतो. तू लांब हो. आणि लायटर खिशातच ठेव, भडका उडेल.”

नाणं बुडवून ठेवलं. हिरवा चिकटा सुटून तरंगू लागला, तशी भावानं मान फिरवली. तिनं तो ओतून टाकला, ताज्या ॲसिटोनमध्ये नाणं पुन्हा बुडवलं आणि न पुसता वाळू दिलं. मग भिंग लावलं. राणीच्या गालावर हिरव्यानं दोन बारीक खड्डे पाडले होते. वेणी मात्र शाबूत होती, राखाडी-निळ्या थराखाली, पेड न् पेड.

“अजून काळपटच आहे की,” भाऊ म्हणाला. “पेस्ट देऊ?”

तिनं नाणं कागदी पाकिटात सरकवलं. “वाटणी झाली. हे माझं, बाकीची तुझी.”

“एकच? अगं, निम्मी तुझी आहेत.”

“नकोत. आणि झाकण लाव आधी, वास सहन होत नाही.”