चौदा जणांची मनाउस सहल

हसायचंय तर खुशाल हसा, पण आधी तो चहा खाली ठेवा, सांडेल. मी जो गाढवपणा केलाय ना, तसा दुबईच्या अख्ख्या करामा वस्तीत आजवर कुणी केला नसेल. आणि करामात गाढवपणा करणाऱ्यांची कमी नाही बरं का!

आमची ही, वैशाली, दुबईतल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवते. ब्राझीलमध्ये मनाउस म्हणून शहर आहे. तिथे एक काळ्या पाण्याची नदी आणि एक गढूळ पाण्याची नदी भेटतात, कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, पण मिसळत नाहीत. हे हिनं वीस वर्षं फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढून दाखवलंय. डोळ्यांनी मात्र कधी पाहिलेलं नाही.

लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून मी रुबाबात विचारलं, "बोल, काय हवं?"

"मनाउस. चार दिवस. आणि हे बघा, फक्त आपण दोघं. आपल्या मराठी मंडळातलं एकही माणूस नको."

तिचंही बरोबर होतं हो. आम्ही जॉर्जियाला गेलो तेव्हा बावीस जण होतो. बर्फात उभं राहून हिनं बावीस जणांना पोहे वाढलेत!

"फक्त दोघं. खलास!" मी म्हणालो. आमचा ट्रॅव्हल एजंट शाजीभाई, त्याला कार्डाचा नंबर दिला. दोघांचे व्हिसा झाले, डिसेंबरच्या सुट्टीतल्या दोन सीट त्यानं होल्ड केल्या. इथेच थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं.

पण लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी भेटल्या.

"काय, यंदा सुट्टीत कुठे?"

"ब्राझील."

"अगंबाई! मज्जा आहे बुवा तुमची!"

आता शेजारीण इतकं कौतुक करतेय म्हटल्यावर गप्प बसायचं? बरं दिसतं का ते? मी म्हटलं, "चला ना तुम्ही पण!"

तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय असतो? काहीही नसतो! हे म्हणायचं असतं, आणि समोरच्यानं "नको नको, पुढच्या वेळी" म्हणायचं असतं. एवढं साधं आहे.

वहिनी म्हणाल्या, "कधी निघायचं?"

घरी येऊन मी हिला सांगितलं. हिनं त्या दिवशीची भाजी फार जोरात चिरली.

दुसऱ्या दिवशी फुजैराहून मंडळातल्या सावंताचा फोन. हा तिथल्या बंदरात नोकरीला, जहाजांना तेल भरण्याच्या कामावर. "काय राव! कुलकर्ण्यांना बोलावता आणि आम्ही परके?"

"परके कसले, चला की!" म्हणावं लागलं. मग सावंताला कळलं ते मंडळाच्या अध्यक्षांना कळलं, आणि अध्यक्षांना वगळलं तर मी दुबईत राहायचं कसं? मागोमाग जोशी नवरा-बायकोही आले. आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला, 'ॲमेझॉन संगम दर्शन'. चौदा माणसं! ग्रुपचा ॲडमिन कोण? अस्मादिक.

"अहो, पंचवीस वर्षांत एकदा मागितलं होतं," ही म्हणाली. एवढंच. मला खरंच फार वाईट वाटलं. पण आता कुणाला 'येऊ नका' सांगणार? जिवावरच आलं माझ्या!

म्हटलं, निदान आयोजन तरी असं करू की हिला कशात बघायला नको. आणि मी सुटलो! पिवळ्या तापाची लस कुणाची झाली, कुणाची राहिली, कांदा-लसूण कोण खात नाही, घोरतं कोण, घोरणाऱ्याच्या खोलीत घोरणाराच कसा येईल, सगळ्याचं एक्सेल केलं.

वहिनी म्हणाल्या, "दोन नद्या भेटतात म्हणजे संगमच की! ओटी भरायला हवी." झालं! नारळ, खण, हळदीकुंकू बॅगेत. वर त्यांना चतुर्थीची काळजी. "तिकडे उपवासाचं मिळेल का हो?"

हिच्यातली शाळेतली बाई जागी झाली. "वहिनी, साबुदाणा ज्या कंदापासून करतात ना, तो मूळचा तिकडचाच आहे."

"अय्या, म्हणजे साबुदाण्याचं माहेर!" असं म्हणून वहिनींनी पाच किलो साबुदाणा बांधून घेतला. ब्राझीलला न्यायला!

सावंतानं जहाजातला माणूस म्हणून होडीची जबाबदारी मागून घेतली आणि सगळ्यांना घरच्या घरी लाइफ जॅकेट घालायची प्रॅक्टिस करायला लावली. अध्यक्ष आमच्या हॉलमध्ये जॅकेट घालून बसले ते जेवून उठेपर्यंत. बक्कल निघेना!

या सगळ्यात शाजीभाईचा फोन आला. "सर, ग्रुप बुकिंग करेंगे तो सस्ता पड़ेगा. वो दो सीट का होल्ड छोड़ दूँ?"

"छोड़ दो, हबीबी!"

"टोटल कितना आदमी?"

मी एक्सेल बघितलं. "चौदह."

तिकिटं आली. एकेका नावाचं स्पेलिंग मी पासपोर्टशी तीनदा ताडून पाहिलं. चौदाच्या चौदा बरोबर! कार्डाचा नंबर शाजीभाईकडे होताच, तेव्हा आमचे पैसे कापले गेले असतील असं धरून चाललो.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला एअरपोर्टवर मी शिट्टी घेऊन उभा. हो, शिट्टी! एकेकाला काउंटरवर सोडत होतो, टॅग बांधत होतो. चौदा जण आत गेले. मग ऐटीत आमचे दोघांचे पासपोर्ट पुढे केले.

काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटर बघितला. पुन्हा बघितला. "सर, नो बुकिंग."

"असं कसं? मी ग्रुप लीडर आहे!"

"युअर ग्रुप इज फोर्टीन, सर. ऑल चेक्ड इन."

मी बोटांवर मोजायला लागलो. चौदा. कुलकर्णी चार, सावंत तीन, अध्यक्ष पाच, जोशी दोन... आणि आम्ही?

अहो, बारा वर्षं मंडळाच्या गणपतीत जेवणाचं काम माझ्याकडे आहे! पानं किती म्हटलं की पाहुणे मोजायचे. वाढणारा कधी स्वतःला मोजतो का? आणि त्याची बायको तर मोजण्यात नसतेच, ती आत पुऱ्या तळत असते. तीच सवय! ब्राझीलचा व्हिसा हातात घेऊनसुद्धा तीच सवय!

मुलगा नील सोडायला आला होता. तो म्हणाला, "बाबा, यू काउंटेड एव्हरीवन एक्सेप्ट मॉम अँड यू? सीरियसली?" दोरीपलीकडून वहिनी ओरडल्या, "अहो, असं कसं! तुमच्याशिवाय आम्ही कसे जाणार? ती एक्सेलची यादी द्या ना इकडे!"

मला हिच्याकडे बघायची हिंमत होईना. हात जोडून त्या मुलीला म्हटलं, "प्लीज, काहीतरी करा. या विमानात काहीच नाही का?"

तिनं बराच वेळ टकटक केलं. "आय हॅव वन सीट, सर. ओन्ली वन. सेव्हन थाउजंड दिरहम्स."

"सात हजार! म्हणजे दीड लाखाच्या वर रुपये!" मी बोलून गेलो, आणि मग म्हटलं, "असू दे. पण एकच? मग राहू द्या. आम्ही दोघं जाणार होतो, एकट्यानं जाण्यात काय..."

तेवढ्यात हिनं माझ्या हातातून स्वतःचा पासपोर्ट काढून घेतला आणि त्या मुलीसमोर ठेवला. वर माझ्या खिशातलं कार्ड.

"अगं, पण मी?" मी म्हणालो.

"अहो, वाढणारे मागाहूनच बसतात ना?" ही शांतपणे म्हणाली. "तुम्ही बसा पुढच्या पंगतीला."