शोभाबाईच्या जिभेवरची चकती

"डोळ्यातला कचरा जिभेला बरोबर सापडतो, डॉक्टरच्या बॅटरीला नाही," शोभाबाई एकदा म्हणाली होती, आणि लिंबायतच्या त्या यंत्रमागांच्या गल्लीत तिला कुणी खोटं पाडलं नव्हतं. लूमवर सूत तुटायचं, तंतू डोळ्यात जायचा, कारागीर उठून थेट तिच्या ओट्यावर. ती चूळ भरायची, पापणी उलटायची आणि जिभेच्या टोकानं तंतू टिपून घ्यायची. वीस वर्षं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात तिचा भाचा छगनही असाच येऊन गेला. तंतू निघाला, पण चौथ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका. मावशीला न सांगता तो दवाखान्यात गेला. थेंब मिळाले, पण लूमवरची पाळी सोडून ते दर तासाला कोण टाकणार? ठिपका वाढला.

"थेंब अश्रूंबरोबर वाहून जातात, भाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही पातळ चकती औषधात भिजवलीय. डोळ्यात बसून दिवसभर औषध सोडेल, मग आपोआप विरघळेल. नवीन आहे. हात लावायचा नाही."

हात त्यानं लावला नाही. पण संध्याकाळी डोळा इतका खुपायला लागला की डोळ्यावरची पट्टी सोडून तो मावशीच्या ओट्यावर जाऊन बसला.

"काय व्हयनं रे? नवरीसारखा काय रडस!"

सांगायला हवं होतं. दवाखान्यात गेल्याची लाज आड आली. तोवर पापणी उलटलीही होती. तिच्या जिभेवर काहीतरी बुळबुळीत आलं, कडू.

"हाई काय शे?"

"औषध, मावशी."

सकाळी ती त्याच्याबरोबर दवाखान्यात उभी होती.

"चकती कुठे गेली?"

"पडली," छगन म्हणाला.

"मी काढली. जिभेनं," शोभाबाई म्हणाली.

"आधी तंतूही?"

तिनं मान डोलावली.

"तोंडातल्या जंतूंनी अशी जखम होऊ शकते. तुमच्यामुळेच झाली, असं नाही सांगता येत." बाईंनी दुसरी चकती बसवली. "जखम आणखी आत गेली, तर डोळा गेला."

दोन दिवस शोभाबाई छगनच्या खाटेजवळून हलली नाही. डोळा चोळत कुणी आलं, की "नळाखाली धर" म्हणायची आणि तोंड फिरवायची. पट्टीखाली ठणका चालूच होता. तो डोळा बरा होण्याचा की जाण्याचा, छगनला कळेना.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी सुटली. बाईंनी त्याचा चांगला डोळा तळहातानं झाकला.

"काय दिसतं?"

धुकं. धुक्यात काहीतरी हिरवं.

"मावशीचं लुगडं," तो दबकत म्हणाला. "पदर तोंडावर धरलाय."

"आणि आता?"

"उठली. दाराकडे चाललीय."

बाईंनी वळून पाहिलं. शोभाबाई पदर तसाच तोंडावर दाबून बाहेर पडत होती.