दाजींचा रुसवा आणि बोटीतलं पेट्रोल

बायकोच्या एका हातात ओवाळणीचं ताट, ताटात निरांजन, दुसऱ्या हातात काडेपेटी. समोर शेरवानीतला नवरदेव, म्हणजे तिचा भाचा अवी. दोघं उभी होती बोटीतल्या एका गादीवर, गादीखाली फळ्या आणि फळ्यांखाली पेट्रोलची टाकी. मी काठावर पोचलो तेव्हा एवढं सगळं जुळून आलेलं होतं.

आधी माझी ओळख. मी लातूरचा. डाळमिलमधल्या कामगारांना फायर सेफ्टी शिकवतो. डाळीची धूळसुद्धा पेट घेते हे पटवण्यात निम्मी हयात गेली, उरलेल्या हयातीत ड्रिल घेतो. ड्रिल म्हणजे भोंगा वाजला की सगळ्यांनी शांतपणे बाहेर यायचं. भोंगा वाजतो. लोक चहा संपवून, चपला शोधून, एकमेकांची वाट बघून बाहेर येतात. एका ट्रेनिंगमध्ये बोटींवरच्या आगीचा एक तास होता. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या लातुरात याचा काय उपयोग, म्हणून त्या तासाला मी मागच्या बाकावर बसून भजी खाल्ली होती. तरी थोडं कानात राहिलंच.

माझा मेहुणा दत्ता नांदेडजवळ धरणाच्या बॅकवॉटरला राहतो. त्यानं पर्यटकांना फिरवायला एक जुनी मोटरबोट घेतली होती. सोयरीक जमली ती नेमकी पलीकडच्या काठावरच्या गावात. दत्तानं तिकडे सांगून ठेवलं, "माझा पोरगा बोटीतनंच येणार." पलीकडे सगळं गाव काठावर येऊन बसलं होतं. बोट गेली नाही तर दत्ताचं नाक पाण्यात, असा मामला होता.

मी बोटीत पाय ठेवला. मोगऱ्याचं अत्तर, अगरबत्तीचा धूर आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी. माझं नाक या घरात फक्त रश्श्याला मीठ कमी आहे का ते सांगण्यापुरतं वापरलं जातं, पण हा वास त्यालाही कळला.

"दत्ता, एवढ्या अगरबत्त्या कशाला?"

"दाजी, कालपासून पेट्रोलचा वास मारून राहिला. पाहुण्यांना मळमळायलं. म्हणून पुढं जुडीच लावली."

"आणि मागं इंजिनवर जाळी होती ती?"

"तिथूनच तर वास येत होता. म्हणून तिच्यावर गादी टाकली. झकास बंद झाला."

मी पहिल्यांदा ती जुडी पाण्यात बुडवली. अगरबत्ती वाऱ्यावर, पार पुढच्या टोकाला होती, हे आमचं नशीब. सोपं सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. जमिनीवर सांडलं तर ती वाहून जाते, वाऱ्याला लागते. बोटीला खाली भोक नसतं, ते असून चालतही नाही. त्यामुळे वाफ कढईत बसल्यासारखी तळाशी बसते. ती बाहेर जावी म्हणून इंजिनच्या खोलीला जाळी आणि पंखा असतो. जाळी झाकली की खाली वाफ साठते आणि काडी नाही, स्टार्टरची ठिणगीसुद्धा पुरते.

हेच मी तिथं सांगायला सुरुवात केली. "पेट्रोलची वाफ ही हवेपेक्षा..."

"दाजी, लेक्चर मांडवात द्या," कोणीतरी म्हणालं.

"अहो, सरका बाजूला, फोटोत येऊन राहिलात," बायको म्हणाली.

आग लागेल असं ओरडावं, तर वऱ्हाड एका बाजूला धावणार आणि बोट कलंडणार. लाइफ जॅकेटं होती, पण लोकांनी ती बुडाखाली घेतली होती. बुडाखालच्या जॅकेटनं कुणी तरंगत नाही. आग विझवायचा सिलिंडरही होता. त्याला हार, कुंकू सगळं होतं. पिन गंजून बसली होती. भोंगा नव्हता. असता तरी त्याचं काय होतं ते मला माहीत होतं.

मग मला एकच गोष्ट आठवली. मी या घरचा जावई आहे.

मी बायकोच्या हातातली काडेपेटी घेतली, बोटीची किल्ली काढली, उडी मारली आणि काठावरच्या बाभळीखाली पाठ फिरवून बसलो.

"काय झालं हो?" बायको.

"सगळ्यांना बांधलेले फेटे. मला रेडिमेड. टोपीसारखा. जावयाला या घरात काही मान हाय का न्हाई?"

बँडवाल्याचं सनईतलं वारं संपलं. दत्ताचे चुलते, तात्या, काठी टेकत उठले. "जावईबापू रुसले. उतरा रे सगळे. पाया पडा, समजूत काढा."

आणि उतरले की. आधी म्हातारी माणसं, मग बाया, मग पोरं, एकामागून एक, फळीवरून, हात धरून, कसलीही ढकलाढकल न करता. नवरदेव सगळ्यात शेवटी. इतकं देखणं ड्रिल मी एकाही डाळमिलमध्ये बघितलेलं नाही. माझे डोळे भरून आले. ते बघून लोकांना वाटलं, दाजींना खरंच लागलंय.

"मामा, माझा फेटा घ्या," अवी म्हणाला.

"तुझा नको. तुझ्या बापाला जवळ पाठव."

दत्ताच्या कानात सांगितलं. "गादी उचल, झाकण उघड. बटण कुठलंच दाबू नको, पंख्याचंही नाही, ठिणगी पडेल." तो कुरकुरत गेला. झाकण उघडलं आणि तोंड फिरवून परत आला तो पांढराफटक. टाकीकडून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप चिरला होता. तळाच्या पाण्यावर पेट्रोलचे रंग चमकत होते.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्ही असंच रुसून राहा. म्या टेम्पो सांगतो."

वरात टेम्पोतून, लांबचा वळसा घालून गेली. मुहूर्त टळला, पण आमच्याकडे तो टळला नसता तरच लोक घाबरले असते. पलीकडचं गाव काठावरून मांडवाकडे पळत आलं, त्यांच्या बँडसकट. पाइप बदलल्यावर दत्तानं नवरा-नवरीला बोटीतून फिरवून आणलं. आधी झाकण उघडून, वास घेऊन, पंखा चालवून, मगच किल्ली. त्यानं जाळीवर लाल रंगानं लिहिलंय, 'इथे बसू नये'.

दत्तानं खरं काय ते सगळ्यांना सांगितलं. कुणाचाच विश्वास बसला नाही. तात्या म्हणाले, "रुसले ते फेट्यासाठीच. पेट्रोल नंतर सापडलं म्हणून बरं." आता सासुरवाडीत कुठलंही लग्न असो, फेटेवाला आला की आधी मला हाक मारतात. मी गुमान जाऊन डोकं पुढे करतो.

पेट्रोलचा वास आला तर तो झाकू नये, शोधावा. आणि माणसं बाहेर काढायची असतील तर जावई जवळ ठेवावा.